कॉन्ट्रॅक्ट गेलं, पगार उतरतोय, मग वॉशिंग्टन सोडायचं का?

पत्र थोडक्यात असं आहे, ओळख पटेल असे तपशील काढलेत. वाचक ४३ वर्षांची, वॉशिंग्टन डीसीला लागून असलेल्या नॉर्दर्न व्हर्जिनियात राहते. ती आणि नवरा दोघंही आयटीत, दोघंही फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कॉन्ट्रॅक्टवर, कंपन्या वेगळ्या, एजन्सीज वेगळ्या. ती एका सिव्हिलियन (संरक्षण खात्याबाहेरच्या) एजन्सीच्या केस मॅनेजमेंट सिस्टिमवर बरीच वर्षं आहे, जावा आणि थोडंफार क्लाउड, पगार १ लाख ५२ हजार डॉलर. तिची कंपनी रीकॉम्पीट, म्हणजे कॉन्ट्रॅक्टची मुदत संपल्यावर त्याच कामासाठी नव्याने मागवलेली बिड, हरली. जिंकलेली कंपनी म्हणते तीच सीट, तेच काम, पण १ लाख ३४ हजार. दुसरीकडे टायसन्सजवळच्या एका खासगी फायनान्स कंपनीत दोन राउंड झालेत, ते १ लाख ४० च्या आसपास बोलतायत, तीन दिवस ऑफिस. नवरा म्हणतो सरकारी काम सोडू नकोस, सेफ असतं. डॅलसचे दीर म्हणतात त्या शहरात आता काही राहिलं नाही, इकडे या. मुलगी दहावीत. ग्रीन कार्ड २०१९ चं, सिटिझनशिप अजून घेतलेली नाही कारण आई नाशिकला एकटी असते आणि भारतीय पासपोर्ट सोडवत नाही. सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय कामासाठीची सरकारी परवानगी) नाही, फक्त पब्लिक ट्रस्ट, म्हणजे त्याखालची पार्श्वभूमी तपासणी. ती विचारते, "ताई, एकदा पगार खाली आला की परत वर येत नाही ना? आणि आता माझी मार्केट व्हॅल्यू हीच का?"

तू ताई म्हटलंस म्हणून मीही तूच म्हणते, चालेल ना.

आधी त्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण पत्र दोनदा वाचलं आणि मला वाटलं की बाकी सगळी घालमेल तिथूनच येतेय. तू १ लाख ५२ हजाराला तुझी किंमत धरून बसली आहेस आणि आता कुणी १ लाख ३४ म्हटलं की तुला वाटतं आपण १८ हजारांनी कमी झालो. पण हे दोन्ही आकडे तुझे नाहीतच गं, ते त्या सीटचे आहेत. फेडरल कॉन्ट्रॅक्टमध्ये पगार कसा ठरतो ते आपल्यातल्या फार कमी लोकांनी कधी बघितलेलं असतं, वर्षानुवर्षं काम करूनही. कंपनी बिड टाकते तेव्हा प्रत्येक सीटला एक लेबर कॅटेगरी असते, सीनियर डेव्हलपर, मिड लेव्हल, जे काही असेल ते, आणि त्या कॅटेगरीचा तासाचा बिल रेट ठरतो. त्या रेटमधून तुझा पगार, इन्शुरन्स, सुट्ट्या, कंपनीचा ओव्हरहेड आणि नफा सगळं निघतं. जुन्या कंपनीचा रेट काही वर्षांपूर्वीचा, तेव्हा माणसं मिळत नव्हती म्हणून तो वर गेला असणार. आता रीकॉम्पीटमध्ये एजन्सीनेच कमी किमतीला महत्त्व दिलं, जिंकणाऱ्याने रेट पाडून काम घेतलं, आणि ती पाडलेली रक्कम कुठून तरी काढायची तर ती पगारातून निघते. तुझ्या कामाबद्दल त्यात एक अक्षरही नाहीये. जीएसए या सरकारी खरेदी सांभाळणाऱ्या एजन्सीचं कॅल्क नावाचं एक टूल आहे, सगळ्यांना खुलं, त्यात लेबर कॅटेगरी टाकली की कंपन्यांनी मंजूर करून घेतलेले तासाचे कमाल रेट दिसतात. एकदा बघ. आपण कुठल्या गणितात बसलो होतो ते कळलं की निदान स्वतःला दोष देणं तरी थांबतं.

आता नवऱ्याचं म्हणणं, सरकारी काम सेफ असतं. हे वाक्य आपल्याकडून आलंय, आपल्या आईवडिलांच्या पिढीचं, आणि तिकडे ते खरंच होतं. इथे ते अर्धंच खरं होतं आणि तेही फक्त सरकारच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी. तुम्ही दोघं सरकारचं काम करता, सरकारची नोकरी करत नाही. हा फरक शटडाऊनमध्ये, म्हणजे बजेट मंजूर न झाल्याने सरकारचं काम बंद पडतं तेव्हा, सगळ्यात स्पष्ट दिसतो. २०१८-१९ चा ३५ दिवसांचा झाला, त्यात कायदा आला की फेडरल कर्मचाऱ्यांना नंतर मागचा सगळा पगार मिळेल. कॉन्ट्रॅक्टरांना तो कायदा लागू नाही. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर ४३ दिवस बंद होतं, तेव्हा ज्यांची कॉन्ट्रॅक्ट्स थांबली त्यांनी आपली सुट्टी वापरली नाहीतर बिनपगारी बसले. आणि कर्मचाऱ्यांचंही २०२५ मध्ये काय झालं ते तू जवळून पाहिलंच असशील, जानेवारीच्या शेवटी ती राजीनामा द्या आणि काही महिने पगार घ्या वाली ईमेल आली, पहिल्याच फेरीत ७५ हजारांच्या आसपास लोकांनी ती घेतली, फेब्रुवारीत प्रोबेशनवरच्यांना घाऊक काढलं, १ मार्चला जीएसएने १८एफ ही सरकारातली चांगली टेक टीम एका फटक्यात बंद केली. मग मोठ्या कन्सल्टिंग कंपन्यांची कॉन्ट्रॅक्ट्स तपासायला घेतली, मे महिन्यात बूझ अ‍ॅलननेच अडीच हजारांच्या आसपास माणसं कमी करायचं जाहीर केलं. त्यातली खूप माणसं एकाच वर्षात, याच भागात, साधारण एकाच प्रकारचे रेझ्युमे घेऊन बाजारात आली. तुला मिळालेली १ लाख ३४ ची ऑफर त्या गर्दीतून आली आहे.

पण म्हणून दीर म्हणतात तसं "काही राहिलं नाही" हेही मी मानत नाही. पैसा आटला नाही, सरकला आहे, आणि हे नीट समजून घेतलंस तर पुढची पाच वर्षं उपयोगी पडेल. हे शहर कायम बजेटच्या मागे चालतं. २००१ नंतर सुरक्षेचा पैसा आला तेव्हा रेस्टन, हर्नडन, शँटिली भरभरून वाढलं, २०१३ च्या सीक्वेस्टरने (बजेटला आपोआप लागलेल्या सरसकट कात्रीने) सगळ्यांना आवळलं, मग परत क्लाउडच्या लाटेने भरती झाली. आत्ता सिव्हिलियन एजन्सीज, मदत, शिक्षण, संशोधन यांच्याकडचं काम आक्रसलंय, पण २०२५ च्या जुलैत जो मोठा कायदा झाला त्यात एकट्या संरक्षणाला सुमारे १५० अब्ज डॉलर जादा आहेत, सीमा आणि इमिग्रेशनलाही मोठी रक्कम आहे. त्यामुळे क्लिअरन्सवाल्या लोकांना अजून मागणी आहे आणि पगारही टिकून आहेत, कारण अशी माणसं एका रात्रीत तयार होत नाहीत. सरकारी टेक टीम्स मोडून वर्षही झालं नव्हतं तर डिसेंबर २०२५ मध्ये यूएस टेक फोर्स जाहीर झालं, सुमारे हजार तंत्रज्ञ दोन वर्षांसाठी घेणार म्हणून, ते मुख्यतः करिअरच्या सुरुवातीच्या मुलांसाठी आहे, तुझ्यासाठी नाही, पण गरज संपलेली नाही एवढं त्यातून कळतं.

क्लिअरन्सचा विषय निघालाच आहे तर सिटिझनशिपबद्दल. पत्रात तू तो एका ओळीत उरकलास आणि मला तीच ओळ सगळ्यात जड वाटली. ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली म्हणजे तू अर्ज करू शकतेस, बरोबर आहे, आणि क्लिअरन्सला सिटिझनशिप लागते, फेडरल नोकरीलाही जवळपास सगळीकडे लागते. पण कुणी तुला सांगितलं असेल की सिटिझन हो आणि क्लिअरन्स काढ, पगार वाढेल, तर थांब. क्लिअरन्स स्वतःहून काढता येत नाही, कुठल्यातरी कंपनीने किंवा एजन्सीने स्पॉन्सर करावं लागतं, आणि सध्या ज्यांच्याकडे आधीच आहे अशी माणसं बाजारात फिरतायत तेव्हा नवीन माणसावर वेळ घालवायला कंपन्या नाखूष असतात. शिवाय क्लिअरन्सच्या त्या एसएफ-८६ फॉर्मवर आईचं, भावंडांचं, तिकडच्या फ्लॅटचं, तिकडच्या बँक खात्याचं, प्रत्येक भारत दौऱ्याचं सगळं लिहावं लागतं. भारतात नातेवाईक आहेत म्हणून क्लिअरन्स मिळत नाही असं अजिबात नाही, आपल्यातल्या कितीतरी जणांना मिळालेलं आहे, लपवलं तर मात्र नक्की अडतं. म्हणजे तुझ्यासाठी हा दोन-तीन वर्षांचा रस्ता आहे, या महिन्याच्या निर्णयात तो धरूच नकोस. आणि पासपोर्ट सोडायचा की नाही हे पगाराच्या आकड्यावर ठरवू नकोस असं मला मनापासून वाटतं. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) घेतलं की आईकडे कधीही, कितीही दिवस जाता येतं, मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, एवढं माहिती असू दे आणि मग शांतपणे, आईशी बोलून काय ते ठरव.

आता खरा निर्णय. माझं मत सरळ सांगते, टायसन्सवाल्यांचं ऑफर लेटर हातात आलं तर ते घे, १ लाख ४० ला सुद्धा. कारण १ लाख ३४ पेक्षा सहा हजार जास्त आहेत हे नाही. तुमच्या घरात दोन पगार आहेत पण उगम एकच आहे. काँग्रेसमध्ये बजेट अडलं की दोघांचंही एकाच दिवशी अडणार, कंपन्या वेगळ्या असून काही उपयोग नाही. खासगी कंपनीही ले-ऑफ करते, फायनान्सवाले तर व्याजदर बदलले की टीम्स बदलतात, हे मला माहीत आहे आणि तू तिथे आयुष्यभर सुरक्षित राहशील असं मी म्हणतच नाही. पण त्यांचं वाईट वर्ष आणि सरकारचं वाईट वर्ष एकाच वेळी येईल असं नाही, आणि घर चालवायला तेवढं अंतर पुरतं. नवऱ्याने सरकारी काम ठेवावं, तू बाहेर पडावंस, किंवा उलटं, पण दोघांनी एकाच फांदीवर बसू नये.

तुला भीती वाटते की इतकी वर्षं सरकारी सिस्टिमवर काढली म्हणजे आपण मागे पडलो. थोडं खरं आहे, टूल्स जुनी असतात, रिलीज तीन महिन्यांनी होते, इंटरव्ह्यूमध्ये ते जाणवतं. पण तू एटीओ, म्हणजे सिस्टिम चालवायची अधिकृत परवानगी, मिळवून देणारी डॉक्युमेंट्स लिहिली असशील, निस्टच्या ८००-५३ या सुरक्षा नियमावलीतल्या कंट्रोल्सना उत्तरं दिली असशील, ऑडिटला सामोरी गेली असशील, सेक्शन ५०८ या दिव्यांगांसाठीच्या नियमाप्रमाणे अ‍ॅक्सेसिबिलिटी तपासली असशील. फायनान्स कंपनी पण रेग्युलेटरच्या नजरेखालीच काम करते, तिथे लॉग कोण बघू शकतं, बदल कुणी मंजूर केला, डेटा कुठे राहतो हे समजणारी डेव्हलपर पटकन मिळत नाही. तिसऱ्या राउंडला हे त्यांच्या भाषेत सांग, एजन्सीची आद्याक्षरं आणि फॉर्मचे नंबर गाळून, की "मी अमुक इतक्या लोकांचा संवेदनशील डेटा असलेली सिस्टिम ऑडिटमध्ये पास करून घेतली." तुझ्या रेझ्युमेवर आत्ता बहुधा एजन्सीच्या प्रोजेक्टची नावंच असतील, ती बाहेरच्या माणसाला काहीच सांगत नाहीत. अ‍ॅशबर्नची डेटा सेंटर्स दिसतात म्हणून तिथे नोकऱ्या असतील असं खूप जणांना वाटतं, पण उभी राहिल्यावर त्या इमारतींमध्ये माणसं थोडी लागतात आणि ती जास्त करून इलेक्ट्रिकल, कूलिंग, नेटवर्कवाली, त्यामुळे डेव्हलपरने त्यावर फार भरवसा ठेवू नये. त्यापेक्षा काउंटी सरकार, हॉस्पिटलं, विद्यापीठं, हॉटेल कंपन्यांची मुख्यालयं, मेरीलँडच्या बाजूची बायोटेक, हे सगळं जवळपासच आहे आणि आपले लोक तिकडे फार कमी अर्ज करतात.

लेटर वेळेत आलं नाही तर? तर कॉन्ट्रॅक्ट जिंकलेल्या कंपनीत जा, त्याला आपल्याकडे सगळे बॅज फ्लिप म्हणतात, त्यात कमीपणा काही नाही. पण पहिल्या आकड्याला हो म्हणू नकोस. त्या कंपनीने बिडमध्ये बहुतेक लिहून दिलेलं असतं की आम्ही अनुभवी माणसं टिकवू, आणि ट्रान्झिशनचे पहिले काही आठवडे त्यांना तुझी गरज तुझ्यापेक्षा जास्त असते. विचार की मला कुठल्या लेबर कॅटेगरीत धरलंय, सीनियर असताना मिडमध्ये टाकलं असेल तर तिथेच बोट ठेव. पगार हलत नसेल तर जुन्या कंपनीतली वर्षं धरून सुट्टी मागायची, जॉइनिंग बोनस मागायचा, ४०१के या रिटायरमेंट खात्याचं मॅचिंग पहिल्या दिवसापासून मिळतं का ते विचारायचं, यासाठी मूळ पगाराचा आकडा हलवावा लागत नाही म्हणून मिळण्याची शक्यता असते. एक मात्र सांभाळ. 'की पर्सनेल' (key personnel, कॉन्ट्रॅक्टमध्ये नावासकट दाखवलेली महत्त्वाची माणसं) म्हणून तुझं नाव टाकून कमिटमेंट लेटरवर सही मागितली तर टायसन्सचा निकाल लागेपर्यंत करू नकोस. सही करून महिन्याभरात सोडलंस तर त्यांना एजन्सीला उत्तर द्यावं लागतं, आणि हे शहर छोटं आहे, तीच माणसं पुढच्या रीकॉम्पीटला परत भेटतात. आत्ताच्या कंपनीच्या कागदातही बघ, क्लायंटकडे दुसऱ्या कंपनीतून काम करायला काही आडकाठी लिहिली आहे का.

दोन्हींची तुलना नुसत्या पगारावर करू नकोस हे तुला सांगायला नको, पण लोक कागदावर मांडत नाहीत म्हणून सांगते. इन्शुरन्सचा घरच्या सगळ्यांचा प्रीमियम, डिडक्टिबल, रिटायरमेंट मॅच, सुट्ट्या, बोनस खरंच मिळतो का फक्त लेटरवर असतो, आणि तीन दिवसांचा प्रवास. टोलने टायसन्सला जाऊन पार्किंग भरायचं की सिल्व्हर लाइनने, ती २०२२ पासून अ‍ॅशबर्नपर्यंत येते. नोकऱ्यांमध्ये एक दिवसाचीही गॅप पडणार असेल तर इन्शुरन्स नवऱ्याच्या प्लॅनवर हलव, नोकरी गेल्याच्या कारणाने मधेच घेता येतं पण मुदत असते, साधारण ३० दिवस. कोब्रा, म्हणजे जुन्या कंपनीचाच इन्शुरन्स पुढे चालू ठेवणं, १८ महिने मिळतं पण पूर्ण प्रीमियम आपल्या खिशातून, महाग पडतं. आणि होम इक्विटी लाइन (घर तारण ठेवून लागेल तेव्हा काढायचं कर्ज) उघडायची असेल तर दोघांचे पगार चालू असतानाच उघड, वापरली नाही तरी चालेल, नोकरी गेल्यावर बँक दारात उभं करत नाही.

पगार खाली आला की कायमचा खाली, या भीतीचंही उत्तर देते. डीसी आणि मेरीलँड दोन्हीकडे आता जाहिरातीत पगाराची रेंज लिहावी लागते, आणि आधी किती मिळत होतं ते तुला विचारून त्यावर ऑफर ठरवता येत नाही. म्हणजे तिकडच्या पुढच्या नोकरीत तुझा १ लाख ३४ किंवा १ लाख ४० हा आकडा मधे यायला नको. उद्याच बसून तुझ्या कामाच्या वीसेक जाहिराती काढ आणि रेंजा लिहून काढ, तुझी मार्केट व्हॅल्यू जी तू मला विचारतेस ती तिथे सापडेल, माझ्याकडे नाही. सरकारी नोकरीशी तुलना हवी असेल तर ती पण उघड आहे, २०२५ मध्ये डीसी भागात जीएस-१३ या सरकारी वेतनश्रेणीची सुरुवात १ लाख २० हजारांच्या वर, जीएस-१४ ची १ लाख ४२ हजारांच्या वर, आणि कितीही चढलं तरी वर १ लाख ९५ हजार २०० चं झाकण. त्याला पेन्शन आणि टीएसपी या सरकारी रिटायरमेंट खात्यातलं पाच टक्क्यांपर्यंतचं सरकारचं योगदान जोडायचं. म्हणजे १ लाख ४० ला तू रस्त्यावर आलीस असं नाहीये बाई.

डॅलस. दिरांचं प्रेम खरं आहे आणि टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्स नाही हेही खरं, पण प्रॉपर्टी टॅक्स तिकडे जास्त, आणि तुमच्यातल्या कुणाकडेही तिकडची ऑफर नाही. मुलगी दहावीत आहे, म्हणजे दोन वर्षांत कॉलेज. व्हर्जिनियात राहिलात तर यूव्हीए, व्हर्जिनिया टेक, जॉर्ज मेसन सगळीकडे इन-स्टेट फी, आणि तो फरक चार वर्षांत तुझ्या या १८ हजारांच्या कितीतरी पुढे जातो. तिची शाळा, मैत्रिणी वगैरे तर धरलंच नाही मी. नवऱ्याचीही नोकरी गेली आणि सहा महिने दोघांना काही मिळालं नाही तर डॅलसचा विचार कर, तेव्हाही आधी ऑफर, मग सामान.

आणि आज रात्री नवऱ्याला शेजारी बसवून यूएसएस्पेंडिंग या सरकारी खर्चाच्या साइटवर त्याचं कॉन्ट्रॅक्ट शोध. तिथे सध्याची शेवटची तारीख दिसते आणि सगळी ऑप्शन इयर्स (एजन्सीला हवं तर वाढवता येणारी वर्षं) धरून शेवटची तारीख पण दिसते. त्याचं शेवटचं ऑप्शन इयर चालू असेल तर तुझ्यावर आत्ता आली ती वेळ त्याच्यावर कधी येणार ते महिन्यासकट कळेल, आणि त्याच्या आधी सहा महिने त्याने रेझ्युमे काढायला घ्यायचा. सरकारी वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, त्याआधीच्या उन्हाळ्यात एजन्सीज उरलेला पैसा खर्च करतात आणि नवीन सीट्स तेव्हा जास्त निघतात. ऑक्टोबरनंतर बजेट पास न होता नुसता कंटिन्यूइंग रेझोल्यूशन (जुन्याच खर्चावर तात्पुरती मुदतवाढ) असेल तर नवीन कामं सुरूच होत नाहीत, मग त्या महिन्यांत फोन आला नाही म्हणून खचून जाऊ नका दोघंही.